यंत्राशीं बुद्धिबळें

बुद्धिबळांचा पट मांडला तरी समोर बसणारा हवाच. घरांत दुसरा खेळाडू नसला कीं मोहरीं तशींच पेटींत परत जातात, हें ज्यांच्या घरीं पट आहे त्यांस सांगावयास नको. ही अडचण ओळखून शिकागोच्या फिडेलिटी इलेक्ट्रॉनिक्स या मंडळीनें १९७७ सालीं 'चेस चॅलेंजर' नांवाचें यंत्र बाजारांत आणलें. मंडळीचे चालक सिडनी समोल. यंत्राची रचना रॉन नेल्सन यांची. माणसानें आपली चाल बटणें दाबून कळवावी, यंत्रानें आपली चाल प्रकाशमान अक्षरांत दाखवावी, आणि दोन्ही बाजूंचीं मोहरीं माणसानेंच हलवावीं, असा तो प्रकार होता.

गिऱ्हाइकानें यंत्राची परीक्षा घेतली तीही कडक. पटाच्या उभ्या ओळींस अक्षरें व आडव्या ओळींस अंक द्यावयाचे हा रूढ परिपाठ. पहिल्या यंत्रांत तो नेमका उलटा! पुस्तक शेजारीं उघडून खेळणारास प्रत्येक चाल मनांत फिरवून घ्यावी लागे. शिवाय यंत्रास खेळाची एकच पायरी ठाऊक होती, आणि तीही कच्ची. पुढें तीन पायऱ्यांचें व १९७८ सालीं दहा पायऱ्यांचें यंत्र निघालें.

परंतु वरची पायरी म्हणजे अधिक ज्ञान नव्हे, अधिक वेळ. डावाच्या मध्यांत एका वेळीं तीस-पस्तीस चाली शक्य असतात; म्हणून नुसत्या मोजणीनें एक चाल आणखी पुढें पाहावयाची तर कामही तितक्याच पटीनें वाढतें. खेळ कच्चा म्हणून कुरकुरणारा आणि उत्तरास उशीर म्हणून चिडणारा, हे दोघेही रास्तच बोलत. मात्र दोघांचें समाधान एकदम होणें कठीण होतें.

१९९६ सालीं 'पायलट' हा तळहातावरील संगणक आला तेव्हां ही ओढाताण अधिकच वाढली. त्याच्या चौकोनी पडद्याची प्रत्येक बाजू १६० ठिपक्यांची, म्हणजे पटाच्या एका घरास अवघे वीस ठिपके. तेवढ्यांत घोडा आणि उंट वेगळे ओळखूं यावयाचे! यंत्र चाले दोन लहान विजेऱ्यांवर. टिपणवहीच्या कामांत त्याचा मेंदू बहुतेक वेळ निजलेला असे. बुद्धिबळांच्या विचारांत त्यास झोंप कोठली?

पुढें खेळाची कळा पालटली. २००९ सालीं ब्युनोस आयर्सच्या स्पर्धेंत खिशांतल्या टेलिफोनवर चालणाऱ्या 'पॉकेट फ्रिट्झ ४' नें दहा डावांत साडेनऊ गुण मिळविले. तें सेकंदास वीस हजारांहूनही कमी स्थिती तपाशी. १९९७ सालीं कास्पारोव्ह यांस हरविणारें 'डीप ब्लू' हें अवाढव्य यंत्र वीस कोटी तपाशी. कोणत्या चाली पाहूंच नयेत, हें आतां यंत्रास कळूं लागलें होतें.

मग गाऱ्हाणेंही उलटलें: घरगुती खेळाडूस जिंकतांच येईना. यंत्र मुद्दाम दुबळें करावें तर तें वीस चाली पंडितासारखें खेळे आणि एकविसावीस कारणावांचून वजीर देऊन मोकळें होई. माणूसही वजीर गमावतो, पण हत्तीच्या लोभानें. त्या लोभाचा फायदा घेण्यांतच समोरच्यास खरी गंमत असते. हें जाणून टोरांटो व कॉर्नेल विद्यापीठें आणि मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनीं २०२० सालीं 'माया' नांवाची योजना पुढें आणली. सामान्य खेळाडूंचे लक्षावधि डाव अभ्यासून तिनें उत्तम चाल नव्हे, तर त्या पायरीचा माणूस कोणती चाल करील तें शिकावयाचें. अकराशें ते एकोणीसशें गुणांकाच्या खेळाडूंसाठीं तिचे नऊ निरनिराळे प्रकार तयार झाले.