शालेय भोजन आणि माहितीचा हक्क : अमेरिकेतील गोमांस-मिश्रणाचा वाद

अमेरिकेतील १९४६ च्या राष्ट्रीय शालेय भोजन कायद्यामागे बालकांचे पोषण आणि शेतमालाला बाजारपेठ असे दोन हेतू होते. या हेतूंमधील ताण २०१२ मध्ये प्रकर्षाने उघड झाला. गोमांसाचे चरबीयुक्त तुकडे किंचित तापवून, यंत्राने फिरवून त्यांतील चरबी वेगळी केली जाई व उरलेल्या मांसावर जंतुनाशासाठी अमोनिया वायूची प्रक्रिया होई. हे स्वस्त मांस खिम्यात मिसळले जाई. वेष्टनावर मात्र त्याचा उल्लेख नसे. कृषी खात्यातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ गेराल्ड झर्नस्टीन यांनी २००२ मध्येच त्यास ‘पिंक स्लाइम’ असे संबोधले होते.

मार्च २०१२ मध्ये जनक्षोभ उसळला, तेव्हा कृषी खात्याने हे मांस सुरक्षित असल्याचे सांगतानाच ते नाकारण्याची मुभा शाळांना दिली. त्याच वर्षी उत्पादक कंपनीने चारपैकी तीन कारखाने बंद केले. शेकडो कामगार बेरोजगार झाले.

येथे नियामक आणि शाळांसाठी मांस खरेदी करणारे खाते एकच होते. त्यामुळे मूळ प्रश्न विषबाधेपेक्षा विश्वासाचा ठरतो. मोफत भोजनावर अवलंबून असणाऱ्या गरीब मुलांना निवडीचे स्वातंत्र्य सर्वांत कमी असते; म्हणूनच त्यांच्या ताटातील अन्नाची माहिती उघड करणे हे शासनाचे प्रथम कर्तव्य ठरते.