श्रद्धा आणि सुबत्ता : शरणपूर काय सांगते?

धर्म पाळा म्हणजे लक्ष्मी घर शोधीत येईल, असे सांगणारे उपदेशक सर्वच धर्मांत आढळतात. अलीकडे काही ख्रिस्ती प्रार्थनासभांतून हा सूर विशेष चढा ऐकू येतो. विश्वास धरा, उत्पन्नाचा दशमांश अर्पण करा, कर्ज फिटेल, धंदा वाढेल, असे आश्वासन तेथे मिळते. सातपूर-अंबडला कंत्राटावर राबणारा कामगार ते ऐकतो आणि पगाराच्या पाकिटातून काही नोटा वेगळ्या काढतो. उलट बाजूला, ख्रिस्ती झालेला गरीब माणूस पोटासाठीच बाटला, असे ठणकावून सांगणारेही आहेत. हे दोन्ही पक्ष एकमेकांचे हाडवैरी. पण दोघांचे गृहीत एकच आहे. श्रद्धा हा सौदा आहे, असे दोघेही मानतात. हे गृहीत खरे की खोटे, याचा निवाडा करण्यास नाशिककरांना फार दूर जावयास नको. शरणपूर रोडने आपण रोज जातो-येतो. त्या रस्त्याच्या नावातच हा इतिहास दडलेला आहे.

चर्च मिशनरी सोसायटीचे ठाणे नाशकात १८३२ साली आले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने शहराबाहेर ख्रिस्ती लोकांची एक स्वतंत्र वस्ती वसविली, तेच शरणपूर. शरण आलेल्यांचे गाव, हा नावाचा सरळ अर्थ. हे गाव वेगळे का वसवावे लागले? बाप्तिस्मा घेणाऱ्याला घर तुटे, पंक्ती तुटे, पाणवठा तुटे. धर्मांतर केल्यामुळे वारसाहक्क बुडू नये म्हणून सरकारला १८५० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरूनच त्या काळी काय घडत असे याची कल्पना येईल. आणि कायदा झाला म्हणून भाऊबंदांनी वाटणी हाती आणून दिली, असे थोडेच होते! श्रद्धेचा पहिला हिशेब हा असा तोट्याचा होता. सौदाच करावयाचा असता तर शहाण्या माणसाने तो केला नसता.

या शरणपुरात सुमारे १८६० नंतर एक आगळी मंडळी येऊन राहिली. अरबांच्या गलबतांतून गुलाम म्हणून नेली जाणारी आफ्रिकन मुले ब्रिटिश आरमार समुद्रात सोडवी आणि मुंबईस उतरवी. त्यांपैकी अनेकांना नाशकास धाडण्यात आले. ज्यांना आईबापांची नावेही धड आठवत नव्हती, अशी ही पोरे गोदाकाठी आली. लिहावयास-वाचावयास शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली, प्रार्थना शिकली. जगाच्या इतिहासात त्यांना ‘नाशिकची मुले’ असेच नाव पडले. आपल्या गावाचे नाव त्या काळी लंडनच्या वृत्तपत्रांत गाजले ते कुंभमेळ्यामुळे नव्हे, या मुलांमुळे.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६६ साली आफ्रिकेच्या शेवटच्या सफरीस निघाला, तेव्हा त्याने शरणपूरच्या शाळेतील नऊ तरुण बरोबर घेतले. ही मुले आळशी आहेत, मागे रेंगाळतात, अशी तक्रार त्याने आपल्या रोजनिशीत केली आहे. ही तक्रार आम्हांस फार परिचयाची आहे. ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर असले की मुकादमाला चाल नेहमी मंदच वाटते! वाट अवघड होती, ताप होता, उपासमार होती. काही जण मागे फिरले. मोजकेच शेवटपर्यंत टिकले. पुढे १८७२ साली दुसरी तुकडी त्याच्याकडे पाठविण्यात आली. तीत जेकब वेनराइट होता.

मे १८७३ च्या आरंभी चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. त्या वेळी जवळ एकही गोरा माणूस नव्हता. प्रेत तेथेच पुरून मंडळी मोकळी झाली असती तर कोणी जाब विचारला नसता. पण सुसी, चुमा आणि नाशिकची मुले यांनी एकत्र बसून निर्णय केला. त्यांनी काळीज तेथील झाडाखाली पुरले. जेकबने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर अक्षरे कोरली. मग देह वाळवून, झाडाच्या सालीत गुंडाळून, हजार मैलांहून अधिक वाट तुडवीत त्यांनी तो फेब्रुवारी १८७४ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झाले, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत शरणपूरचा हा विद्यार्थी होता.

आता मोबदला पाहा. प्रेत ताब्यात देताच किनाऱ्यावर या माणसांचा पगार चुकता करण्यात आला आणि त्यांना निरोप मिळाला. लंडनच्या भूगोल संस्थेने त्यांच्यासाठी ६० पदके पाडली खरी. पण ती येईपर्यंत बरेच जण दाही दिशांना पांगले होते. जेकब १८९२ मध्ये आफ्रिकेच्या अंतर्भागात उरांबो येथे वारला. श्रद्धेने त्याला काय दिले? ज्यासाठी कोणी दाम मोजणार नाही असे काम पुरे करण्याचे बळ दिले. आणि शाळेने काय दिले? खोडावर अक्षर कोरणारा हात दिला. या दोहोंची गल्लत करता कामा नये.

या कथेचा पुढचा भाग कामगारांनी अधिक लक्ष देऊन वाचावा असा आहे. झांजिबारचा गुलामबाजार १८७३ च्या तहाने बंद झाला आणि सुटलेल्या गुलामांसाठी आफ्रिकेतच वस्ती करण्याचे ठरले. हेच प्राइससाहेब तिकडे गेले आणि मोंबासाजवळ १८७५ मध्ये फ्रिअरटाउन वसले. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे नाव त्याला मिळाले. नाशकाहून सुमारे दीडशे आफ्रिकन स्त्रीपुरुष तेथे जाऊन राहिले. सुतार तेच, लोहार तेच, शिक्षक तेच, दुभाषी तेच. तेथे त्यांना ‘मुंबईकर आफ्रिकन’ म्हणत. त्यांची सुबत्ता आली ती या कसबातून आली; आणि कसब हाती आल्याबरोबर त्यांनी वेतनाचा आणि मानाचा प्रश्न उभा केला. एकाच देवापुढे गुडघे टेकणाऱ्या गोऱ्या मिशनऱ्याचे वेतन आणि आपले वेतन यांत एवढी तफावत का, असे त्यांनी विचारले. समाधान झाले नाही तेव्हा कित्येकांनी मिशन सोडून कंपनीची आणि सरकारची नोकरी धरली. त्यांना कृतघ्न म्हणणारे तेव्हाही निघाले. आम्ही त्यांना कृतघ्न म्हणणार नाही. सर्व माणसे देवाची लेकरे, हे वाक्य त्यांना शाळेतच शिकविले गेले होते. त्यांनी ते खरे मानले, एवढाच त्यांचा अपराध.

विल्यम जोन्स हे त्यांतले मोठे नाव. हाही गुलामगिरीतून सुटलेला आणि नाशकात शिकलेला; पुढे तो धर्मोपदेशक झाला. राबाई येथील ठाणे त्याच्याकडे होते. मालकांच्या जाचातून पळून आलेले गुलाम तेथे आसरा घेत. १ जानेवारी १८८९ रोजी मालकांना भरपाई देऊन अशा सुमारे १४०० माणसांना मुक्ततेचे कागद देण्यात आले. शरणपुरात जो स्वतः शरण आला, त्याने दुसरे शरणपूर उभे केले. यश या शब्दाचा अर्थ आम्ही असा लावतो.

महाराष्ट्रातील इतर उदाहरणेही हेच सांगतात. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण गृहस्थ १८४३ साली ख्रिस्ती झाले. त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसविले, ते प्रार्थनेबरोबरच सालारजंगांनी दिलेल्या जमिनीच्या आधारावर. जमीन आणि पाणी असल्यावाचून कोणत्याच देवाच्या भक्ताच्या शेतात ज्वारी उगवत नाही. उलट रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे पाहा. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. सुबत्ता हे श्रद्धेचे फळ असते, तर त्या फळावर पाणी सोडणारा हा माणूस सर्वांत अश्रद्ध ठरावयास हवा! त्यांची पत्नी लक्ष्मीबाई आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्या घरातील ओढाताण ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ठाऊक आहे.

मॅक्स वेबर या जर्मन पंडिताने १९०४-०५ मध्ये प्रॉटेस्टंट आचारधर्म आणि भांडवलशाही यांचे नाते मांडले, ते येथे पुष्कळदा पुढे केले जाते. पण देव भक्ताला पैसे देतो, असे वेबर म्हणत नाही. काटकसर, वेळेची शिस्त आणि काम हेच कर्तव्य मानण्याची वृत्ती यांतून भांडवल साठते, असे तो म्हणतो. कामगाराच्या पदरात श्रद्धेने काय टाकले, हे पाहावयाचे तर इंग्लंडातील टॉलपडल गावी जावे. तेथे १८३४ साली शेतमजुरांची मजुरी आठवड्याला ७ शिलिंगांवर आली होती आणि ती ६ वर आणण्याची धमकी होती. सहा मजुरांनी संघ बांधला. त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा मेथडिस्ट उपदेशक होता. चार माणसांत उभे राहून बोलणे, वर्गणी गोळा करणे, शब्द पाळणे, हे तो प्रार्थनामंदिरात शिकला. फळ काय मिळाले? सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा. लोकांच्या चळवळीमुळे १८३६ मध्ये माफी मिळाली. जगभरचे कामगार आजही त्यांचे नाव घेतात.

आपल्या देशात श्रद्धेची किंमत आजही मोजावी लागते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. दलित ख्रिस्ती अद्याप बाहेर आहेत. जात मात्र त्यांच्या दाराबाहेर थांबलेली नाही. पोटासाठी बाटले म्हणणाऱ्यांनी हा ताळेबंद एकदा वाचून पाहावा.

श्रद्धेला आमचा विरोध नाही. माणसाला ताठ उभे करणारी श्रद्धा आम्ही शरणपुरात पाहतो, राबाईत पाहतो, टॉलपडलात पाहतो. पण भाकरी आली ती अक्षरातून, कसबातून, जमिनीतून आणि एकजुटीतून. म्हणून पाकिटातल्या नोटांच्या बदल्यात श्रीमंतीचे वचन देणारा कोणी भेटला, तर त्याला एवढेच विचारावे : तुमच्या मंडळीत रात्रीची शाळा आहे काय? हत्यार धरावयास कोणी शिकवते काय? मजुरी बुडाली तर तुम्ही आमच्याबरोबर मालकाच्या दारात उभे राहाल काय? शरणपूरच्या मुलांना यांतले पहिले दोन मिळाले होते. तिसरे त्यांचे त्यांनाच करावे लागले.