गम खाणे आणि शिकस्त करणे



फारसी वाक्प्रचार इंग्रजीत कसे उतरवावेत, हा विषय सचिनमध्ये मांडण्यास कारण आहे. जंजिऱ्याच्या गादीवरील आपला हक्क सिद्दी अब्दुल करीमखान ऊर्फ बाळूमियाँ याने 1791 मध्ये पेशव्यांना सोडून दिला आणि मोबदल्यात सुरतेजवळचा हा मुलूख घेतला. जंजिरा पेशव्यांच्या हाती आला नाही तो नाहीच. सचिन संस्थान मात्र 1948 पर्यंत टिकले. त्या काळी दिल्ली, हैदराबाद आणि कंपनी यांच्याशी बोलताना फारसीवाचून कोणाचे चालत नसे. एका दरबाराचा नम्रपणा दुसऱ्याच्या भाषेत जाताना मुनशीच्या लेखणीतून जाई, आणि तेथे घोटाळ्यास भरपूर वाव होता.

मेजवानीस न आलेल्या स्नेह्याला इराणी मनुष्य 'जा-ए-शुमा खाली' म्हणतो. शब्दशः, तुमची जागा रिकामी होती. आपण म्हणू, 'तुमची फार आठवण झाली'. इंग्रजाने एवढेच म्हणावे की, तुम्ही हवे होता. काम सांगितल्यावर तो 'ब-चश्म', म्हणजे 'डोळ्यावर', असे उत्तरतो. इंग्रजीत त्याला 'आनंदाने' पुरे. आपल्या 'शिरसावंद्य'चे कोणी अक्षरशः भाषांतर करील, तर आपणही डोक्यावर ओझे घेतलेले हमाल दिसू!

जेम्स मोरियर या तेहरानमधील वकिलातीत राहिलेल्या इंग्रजाने 1824 च्या 'हाजी बाबा' कादंबरीत नेमके हेच केले. पात्रांच्या तोंडी त्याने फारसी वळणे जशीच्या तशी इंग्रजीत घातली. वाचक हसले, पण हसे झाले ते इराणी माणसाचे. तेहरानात जे साधे सौजन्य, ते लंडनमध्ये विदूषकी ठरले. माझ्या मते हा शब्दनिष्ठेचा अन्याय आहे. पुढे मिर्झा हबीब इस्फहानीने ती कादंबरी फारसीत आणली आणि 1905 मध्ये ती कलकत्त्यास छापली गेली. तेथे तीच वळणे पुन्हा स्वगृही आली आणि सहज वाटू लागली.

आपण मराठी माणसे या बाबतीत अधिक सावध असावयास हवीत, कारण आपल्याला अर्थ ठाऊक आहे असा आपला समज असतो. फारसीत 'गम खुर्दन' म्हणजे दुःख करणे. आपण 'गम खातो' तेव्हा धीर धरतो. फारसीत 'शिकस्त' हा पराभव. आपण मात्र प्रयत्नांची शिकस्त करतो. 'राजीनामा' मुळात संमतिपत्र. मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा राजीनामा देई व घेणारा कबुलायत लिहून देई. त्या वाटेने हा शब्द नोकरी सोडण्यापर्यंत पोहोचला. जुन्या कागदातील 'राजीनामा' पाहून कोणी पदत्याग वाचील, तर एखाद्याने मान्य केलेला करार त्याने सोडून दिला, असा इतिहास लिहिला जाईल. मोल्सवर्थने आपल्या कोशात फारसी व अरबी मुळाच्या शब्दांपुढे तशी खूण केली, हे त्याचे उपकार. पण खूण कूळ सांगते, आजचा स्वभाव सांगत नाही.

1837 च्या कायद्यानंतर बंगाल इलाख्यातील कंपनीच्या कचेऱ्यांतून फारसी हटली. आमच्या तोंडून ती हटली नाही. आजच्या ह्या सभेची परवानगी, हजेरी, खुर्च्या आणि खर्च ही सारी तिचीच देणी आहेत. आणि सचिनच्या कारखान्यांत राबणारा खानदेशी कामगार हातघाईवर आलेल्या सोबत्याला 'जरा गम खा' म्हणतो, तेव्हा तो त्याला दुःख करावयास सांगत नसतो.