बँक बुडताना आधी कोणाला कळतं?

एखाद्या बँकेवर निर्बंध आले की दुसऱ्या दिवशी शाखेच्या शटरसमोर दोन वाक्यं ऐकू येतात. आतून सांगतात, "तुमचे पैसे सुरक्षित आहेत." आणि दारावरच्या कागदावर लिहिलेलं असतं की पैसे काढता येणार नाहीत. ही दोन वाक्यं एकत्र ऐकून जो विश्वास ठेवेल, त्याला माझा दंडवत. लोक घाबरट नाहीत हो. आपल्याला सगळ्यात शेवटी कळलं, याचा त्यांना राग असतो. आणि हा राग काही आजकालचा नाही.

त्यासाठी आपल्याला १९६० सालच्या केरळात जावं लागेल.

पलाई नावाचं गाव, आजच्या कोट्टायम जिल्ह्यातलं. तिथे १९२७ मध्ये पलाई सेंट्रल बँक सुरू झाली. त्रावणकोरमधल्या मळेवाल्यांची, व्यापाऱ्यांची, चर्चला जाणाऱ्या सामान्य कुटुंबांची ही बँक. वाढत वाढत ती केरळातली सगळ्यात मोठी बँक झाली. ८ ऑगस्ट १९६० रोजी रिझर्व्ह बँक थेट केरळ हायकोर्टात गेली आणि म्हणाली, ही बँक गुंडाळा. त्याच दिवशी कुलूप लागलं. लोकांच्या हातात पासबुकं तशीच राहिली.

आता खरी गोष्ट इथून पुढे आहे. या बँकेची कर्जं बुडीत चालली आहेत, कारभार बरा नाही, हे रिझर्व्ह बँकेला १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून स्वतःच्या तपासण्यांमधून माहीत होतं. बँक हळूहळू सावरेल अशी आशा होती, एवढी मोठी बँक बंद केली तर हाहाकार होईल अशी भीतीही होती. म्हणून सूचना देत राहिले, परत तपासत राहिले. या सगळ्या वर्षांत शाखांचं दार उघडंच होतं आणि लोक मुलीच्या लग्नाचे, मिरीच्या पिकाचे, पेन्शनचे पैसे त्याच काउंटरवर भरत होते. तपासणाऱ्याला ठाऊक, भरणाऱ्याला पत्ता नाही.

म्हणून केरळात आजही तुम्हाला म्हणणारे भेटतात की बँक बुडाली नाही, बुडवली. बँकेची अवस्था खराब होती हे कागदपत्रांवरून स्पष्ट आहे, त्यामुळे मला स्वतःला ते पटत नाही. पण असं म्हणणाऱ्यांना वेड्यात काढणंही मला जमत नाही. कारण कायदाच तसा होता. रिझर्व्ह बँकेने अर्ज केला की हायकोर्टाने बँक गुंडाळण्याचा आदेश द्यायचाच, असं कलम ३८ मध्ये लिहिलेलं. रिझर्व्ह बँकेचं मत बरोबर की चूक, हे तपासण्याची मुभा कोर्टाला नाही! प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९६२ मध्ये कोर्टाने हे कलम वैध ठरवलं, तेही एकमताने नाही, बहुमताने. तर्क असा की बँकेची नाडी कळणारी तज्ज्ञ संस्था तीच, कोर्टात वाद चालेपर्यंत उरलेसुरले पैसेही जातील. तर्क चुकीचा नाही. पण ज्याचे पैसे अडकले त्याच्या नजरेने बघा. तपासणारे तेच, ठरवणारे तेच, आणि "का" असं विचारायला जागाच नाही.

हे प्रकरण फक्त केरळचं समजू नका. त्याच वर्षी, पलाईच्या आधी, आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली होती. विदर्भातली ही बँक आज कोणाला फारशी आठवत नाही, पण देशाच्या ठेव विम्याचा इतिहास लिहिताना पलाईबरोबर अकोल्याचं नाव घ्यावंच लागतं. एकाच वर्षात दोन धक्के. केरळात तर इतर चांगल्या बँकांसमोरही रांगा लागल्या. शेजारच्याचं घर जळालं की आपण आपल्या छपरावर पाणी मारतो, तसंच.

सरकार हललं, आणि चक्क वेगाने हललं. सप्टेंबर १९६० मध्येच बँकिंग कायदा बदलला. कलम ४५ खाली एखाद्या बँकेचे व्यवहार काही काळ गोठवायचे आणि ती दुसऱ्या बँकेत सक्तीने विलीन करायची, असा अधिकार आला. पुढची काही वर्षं लहान बँका भराभर मोठ्या बँकांच्या पोटात गेल्या. १९५१ साली देशात ५६६ व्यापारी बँका होत्या, १९६९ ला राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा उरल्या होत्या ८९.

दुसरी गोष्ट म्हणजे ठेव विमा. १ जानेवारी १९६२ पासून महामंडळ सुरू झालं. प्रत्येक ठेवीदाराला दीड हजार रुपयांपर्यंत हमी. गंमत बघा, ही कल्पना नवी नव्हतीच. १९४८ मध्ये बंगालमध्ये बँका कोसळल्या तेव्हापासून चर्चा चालू होती. ए. डी. श्रॉफ समितीने १९५४ मध्ये लेखी शिफारस केली होती. कागद तयार होता, त्यावर सही व्हायला पलाई आणि अकोल्याच्या ठेवीदारांचे पैसे जावे लागले. आपल्याकडे सिग्नल बसायला आधी अपघात व्हावा लागतो, त्यातलाच प्रकार.

मर्यादा वाढत गेली: १९६८ मध्ये पाच हजार, १९७० मध्ये दहा, १९७६ मध्ये वीस, १९८० मध्ये तीस हजार, १९९३ मध्ये एक लाख. आणि मग घड्याळ थांबलं. १९९३ ते २०२०, सत्तावीस वर्षं एक लाखच! १९९३ मध्ये एक लाखात काय यायचं आणि २०१९ मध्ये काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. शेवटी ४ फेब्रुवारी २०२० रोजी ती पाच लाख झाली, आणि ती का झाली हे मुंबईकराला चांगलंच माहीत आहे.

२३ सप्टेंबर २०१९. पीएमसी बँक. सहा महिन्यांत एका खात्यातून मिळून एक हजार रुपये! तीन दिवसांत ती मर्यादा दहा हजार केली, मग पंचवीस, चाळीस, पन्नास हजार. ज्यांना हा आकडा कसा ठरतो असा प्रश्न पडला त्यांचं काय चुकलं? सोमवारी हजारच देता येत होते आणि गुरुवारी दहा हजार देता आले, तर सोमवारचा हजार आला कुठून? बँकेच्या कर्जातला ७० टक्क्यांहून जास्त हिस्सा एकाच एचडीआयएल समूहाकडे गेला होता आणि तो लपवायला २१ हजारांवर बनावट खाती दाखवली होती, असं तपासात पुढे आलं. पलाईत रिझर्व्ह बँकेला माहीत असून तिने सांगितलं नाही. इथे तर तपासण्या होऊनही वर्षानुवर्षं सापडलं नाही. ठेवीदाराला दोन्हीकडून सारखंच.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर एकांगी होईल. पुढे एक लाखाची मर्यादा झाली तेव्हा पीएमसीच्या ८४ टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना आपली सगळी रक्कम काढता येत होती. बहुतेकांची खाती लहान होती. पण उरलेल्यांत निवृत्तीचे पैसे ठेवलेली माणसं होती, सोसायट्या होत्या, आणि त्यांच्यासाठी टक्केवारी हा दिलासा नसतो. बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली २५ जानेवारी २०२२ ला, म्हणजे दोन वर्षं चार महिन्यांनी. मोठ्या ठेवी तर दहा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने मिळणार. मधल्या काळात ५ मार्च २०२० ला येस बँक गोठली. मर्यादा पन्नास हजार, स्टेट बँक आणि इतर बँका पैसे घेऊन धावल्या, १८ मार्चला सगळं खुलं. तेरा दिवस! येस बँक इतकी मोठी होती की ती पडली असती तर सगळ्यांना घेऊन पडली असती, हे मला कळतं. पण पीएमसीच्या रांगेतल्या माणसाला हे कसं ऐकू आलं असेल?

"आधीच सांगितलं तर झुंबड उडेल आणि धडधाकट बँकही पडेल" हा गुप्ततेच्या बाजूचा नेहमीचा मुद्दा. त्यात तथ्य आहे. एप्रिल २००३ मध्ये गुजरातेत निव्वळ अफवेवरून आयसीआयसीआय बँकेच्या एटीएमसमोर रांगा लागल्या होत्या. पण ती झुंबड शमली कशी? रिझर्व्ह बँकेने उघडपणे सांगितलं की बँकेकडे पुरेसा पैसा आहे, आणि मशीनमधून नोटा येत राहिल्या. बोललेलं आणि हातात आलेलं जुळलं, काही दिवसांत रांगा ओसरल्या.

म्हणून माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा लढा रांगेत झालाच नाही, तो माहिती अधिकारात झाला. गुजरातमधल्या एका सहकारी बँकेची तपासणी माहिती जयंतीलाल मिस्त्री यांनी मागितली होती. रिझर्व्ह बँकेचं म्हणणं, बँकांनी आम्हाला विश्वासाने दिलेली माहिती आहे, देता येणार नाही. डिसेंबर २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे फेटाळलं. रिझर्व्ह बँकेचं असं विश्वासाचं नातं बँकांशी नाही, तिने जपायचं ते जनतेचं हित, असं कोर्टाने सांगितलं. निकाल परत घ्या म्हणून बँका पुन्हा कोर्टात गेल्या, एप्रिल २०२१ मध्ये नकार मिळाला. मग वेगळी याचिका केली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये कोर्टाने ती ऐकून घ्यायचं ठरवलं.

पलाईला कुलूप लागलं त्याला तेव्हा बासष्ट वर्षं झाली होती, आणि तपासणीचा अहवाल ठेवीदाराला दाखवायचा की नाही, यावर देशातल्या सर्वोच्च कोर्टात अजून युक्तिवाद चालू होते.