धुळीची पाठचिकित्सा

जुना मूकपट पडद्यावर सुरू झाला की कथेच्या आधी दिसतात ते डाग : उभ्या रेघा, काळेपांढरे ठिपके, चौकटीच्या कडेला थरथरणारा एखादा केस. ‘प्रत फार खराब आहे’ एवढे म्हणून आपण ते नजरेआड करतो. वस्तुतः यांतील बहुतेक डागांना स्वतःचे जन्मस्थळ असते आणि ते पुष्कळदा ओळखताही येते.

दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. अशा कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवावी लागे. मूठ फिरली की आतला आकडा फिल्मच्या कडेच्या छिद्रांत शिरून तिला एकेक चौकट खाली ओढतो. लेन्समागच्या खिडकीशी ती क्षणभर थांबते, तिच्यावर प्रकाश पडतो आणि पुन्हा ओढ बसते. हे सेकंदाला सुमारे १६ वेळा घडते. या घर्षणाने फिल्मवरील थराचा भुगा खिडकीच्या कडांना साचतो. प्रकाश रोखण्यासाठी लावलेल्या मखमलीत खडा अडकला, तर सरकत्या फिल्मवर लांबच लांब ओरखडा उठतो. आकडा झिजला किंवा छिद्रे असमान पडली, तर चित्र डळमळते. फाळक्यांकडे कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई अंधारात करीत. यंत्राची झीज आणि घरातील कष्ट या दोहोंची नोंद अशी एकाच पट्टीवर होत असे.

लेन्सवरील थोडी धूळ मात्र तितकी उपद्रवी नसते. ती प्रतिमेच्या पातळीपासून दूर असल्याने तिचा आकार उमटत नाही. फार तर चित्र किंचित फिके पडते. खिडकीतला कण फिल्मला खेटून असतो, म्हणून तो ठसठशीत उमटतो. जाणते छायाचित्रकार ही खिडकी वरचेवर साफ करीत, तीही धातूच्या टोकाने नव्हे, तर लाकडाच्या काडीने. कारण खिडकीलाच चरा पडला, तर तो पुढच्या साऱ्या फिल्मला ओरबाडत राहतो.

आता डाग वाचू. चित्रीकरणाच्या वेळी खिडकीत असलेला कण प्रकाश अडवतो. निगेटिव्हवर ती जागा पारदर्शक राहते आणि प्रतीत काळी दिसते. उलट, प्रत काढताना निगेटिव्हवर बसलेली धूळ प्रतीत पांढरा ठिपका सोडते. तेव्हा चौकटीमागून चौकट एकाच जागी टिकणारा काळा केस बहुधा कॅमेऱ्यातला, तर क्षणात लुकलुकून जाणारा पांढरा ठिपका बहुधा प्रयोगशाळेतला. उभ्या रेघांचे निदान अधिक कठीण, कारण कॅमेरा आणि प्रक्षेपक दोघेही त्या ओढतात.

साहित्याच्या अभ्यासकाला ही रीत परकी वाटू नये. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९२५ पासून पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी हेच केले : कोणता पाठ मुळाचा, कोणता लेखनिकाचा, याची छाननी. पोथ्यांतील समान चुकांवरून त्यांचे नातेही उलगडते. चूक हीच तेथे साक्षीदार ठरते.

हा केवळ उपमेचा खेळ नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) म्हणून आज आपल्या हाती आहेत ती पहिले आणि शेवटचे अशी दोनच रिळे. तीही १९१७ च्या नव्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. अशा वादात पट्टीवरील प्रत्येक खूण हा संभाव्य पुरावा असतो. संगणकाने सरसकट सारे डाग पुसले, तर प्रेक्षकाला स्वच्छ चित्र मिळेल. परंतु कॅमेऱ्याची साक्ष आणि नंतरच्या हाताळणीचा मळ एकाच केराच्या टोपलीत जातील.

सफाई नकोच, असे अर्थातच नाही. नंतर साचलेला मळ जरूर काढावा. कॅमेऱ्याच्या खुणा मात्र विचारपूर्वकच हलवाव्यात, आणि न पुसलेली मूळ प्रतिमा अभ्यासकांसाठी वेगळी जपावी. चिकित्सक आवृत्तीने वगळलेले पाठ फेकले नाहीत, ते तळाशी आणि परिशिष्टांत नोंदवले. चित्रपटाच्या पुनरुज्जीवनालाही अशी तळटीप हवी.