इंदूर पद्धत आणि आपली ओली बादली

निगमाची गाडी गाणे वाजवत रामबागेच्या गल्लीत शिरली की घराघरांतून बादल्या बाहेर येतात. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, डायपर आणि फुटके बल्ब आणखी निराळे. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात आपले शहर सलग सात वेळा पहिले आले, त्याचा आम्हां सगळ्यांनाच अभिमान आहे. पण ओल्या कचऱ्याच्या खताची जगभर गेलेली पद्धत या शहराच्या नावाने ओळखली जाते, हे आमच्यातल्या किती जणांना ठाऊक असेल?

आधी थोडे मागे जाऊ. पॅट्रिक गेडिस यांनी 1918 मध्ये होळकर दरबारासाठी नगररचनेचा अहवाल लिहिला. प्लेगचे दिवस होते. गेडिस यांनी दिवाळीत एक मिरवणूक काढली आणि जे रस्ते सर्वांत स्वच्छ, त्यांवरूनच ती नेण्याचे ठरवले. मग काय, घरोघर झाडझूड सुरू झाली! मिरवणुकीत प्लेगचा उंदीर होता आणि पांढरे कपडे घातलेले सफाई कामगारही मानाने चालत होते. एरवी त्यांना आमच्या ओट्यावरही जागा नव्हती.

1924 मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदुरात वनस्पती-संशोधनाची संस्था सुरू केली. तिथे रसायनशास्त्राचे काम पाहणारे त्यांचे सहकारी होते यशवंत वाड. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर उथळ खड्ड्यात रचायचे, ओलावा राखायचा, पण दाबायचे नाही; आत हवा खेळली पाहिजे. तीनदा खालीवर केले की सुमारे तीन महिन्यांत खत तयार. हीच ‘इंदूर पद्धत’. 1931 च्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्या शेजारी वाडांचे नाव आहे. पुढे 1934 मध्ये जॅक्सन आणि वाड यांनी वस्तीतल्या कचऱ्यालाही ती लागू करणारी पुस्तिका लिहिली. हॉवर्ड जगप्रसिद्ध झाले. वाडांची आठवण मात्र आपणही ठेवली नाही.

तेव्हाच्या उकिरड्यात राख, साली, पाला असे. कागद-पत्रा अटालेवाला नेई. वेगळे करण्यासारखे फारसे उरतच नसे. पॉलिथीन आले आणि आम्ही साली त्यातच बांधून कोपऱ्यावर फेकू लागलो. देवगुराडियाला कचऱ्याचे डोंगर झाले. कोपऱ्यावरच्या पेट्या हटून गाडी दारी येऊ लागली, ती गेल्या दहाएक वर्षांतली गोष्ट. 2022 मध्ये तिथेच रोज 550 टन ओला कचरा घेणारा गॅसचा प्रकल्प सुरू झाला. त्याच्या गॅसवर शहर बसही धावतात.

त्या ओल्या बादलीत आपण काच टाकली, तर ती कुणाला तरी हाताने वेचावी लागते. ते हात बहुतेक त्या मिरवणुकीतल्यांच्याच वस्त्यांतले आहेत.

मंडपामागे यंदा निर्माल्याची टोपली निराळी ठेवली आहे. हारातला दोरा आणि जर काढूनच फुले तीत टाकावीत.