तैनाती फौज: धास्ती नेपोलियनची, भोग मराठवाड्याचे

शाळेत 'तैनाती फौज' दोन मार्कांना यायची. कोणी आणली? लॉर्ड वेलस्लीने. उत्तर लिहायचं आणि पुढचा प्रश्न घ्यायचा. पण आपल्या जळकोट-उदगीरपासून औरंगाबादपर्यंतच्या माणसांची पुढची दीडशे वर्षं त्या दोन मार्कांत अडकली आहेत.

मार्च १७९५. जामखेडजवळ खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला हरवलं. इंग्रज तटस्थ राहिले. चिडलेल्या निजाम अलीने रेमंड या फ्रेंच सरदाराची कवायती फौज वाढवली. मे १७९८मध्ये रिचर्ड वेलस्ली गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला, तेव्हा तिच्यात सुमारे १४,००० शिपाई होते. टिपूने मॉरिशसच्या फ्रेंचांकडे मदत मागितल्याची बातमी जूनमध्ये आली. जुलैत नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला. ती खबर इकडे पोचायच्या आतच वेलस्लीने डाव टाकला.

१ सप्टेंबर १७९८ला करार झाला. कंपनीच्या सहा पलटणी हैदराबादेत राहणार, खर्च निजामाचा, हुकूम कंपनीचा. फ्रेंचांना चाकरी बंद. २२ ऑक्टोबरला फ्रेंच फौजेने जवळजवळ रक्त न सांडता शस्त्रं खाली ठेवली. आजच्या भाषेत हे सबस्क्रिप्शन होतं, फक्त त्यात कॅन्सलचं बटण नव्हतं. १८००मध्ये रोख हप्त्यांऐवजी बळ्ळारी, कडप्पा हा मुलूखच कंपनीला गेला.

वेलस्लीची गाडी पुढे सुसाट सुटली. १७९९मध्ये टिपू पडला. १८०२मध्ये वसईचा तह झाला. १८०३मध्ये त्याचा धाकटा भाऊ आर्थर आपल्याच मराठवाड्यात, असईला जिंकला. पण लढायांनी कंपनीचं कर्ज फुगलं आणि १८०५मध्ये वेलस्लीला माघारी बोलावलं गेलं. तिकडे तो १८०९ ते १८१२ ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री होता. तेव्हा आर्थर स्पेन-पोर्तुगालमध्ये नेपोलियनच्या फौजांशी लढत होता. १८१५ला वॉटर्लूवर त्यानेच नेपोलियनला हरवलं.

ज्या धोक्यासाठी करार झाला, तो धोका संपला. करार मात्र राहिला. शेजारी चालून आला किंवा रयत उठली, तरी निजामाच्या पाठीशी इंग्रज उभे होते. ज्या राजाला कोणाचीच भीती नाही, त्याने रयतेचं का ऐकावं?

१५ ऑगस्ट १९४७ला ब्रिटिशांचा आधार सुटला. त्यानंतर तेरा महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४८ला, निजामी संपली. त्या करारापासून मोजलं तर १५० वर्षं आणि १६ दिवस. दर १७ सप्टेंबरला आपण झेंडा लावतो, तेव्हा ही सुरुवातही आठवावी.